स्वभावाला औषध नाही, आणि नकोच

बारशाच्या गलक्यात एखादं बाळ पाळण्यातून टकामका बघत असतं. दुसऱ्या बारशात मात्र कानात ‘कुर्रर्र’ व्हायच्या आतच उत्सवमूर्ती टाहो फोडते आणि आजी निकाल देऊन मोकळी होते, ‘बापावर गेलंय, बुजरं आहे.’ निकाल घाईचा असतो, पण अगदीच बिनबुडाचा नसतो.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या सुमारे ५०० बाळांची अशीच पारख केली. डोळ्यांसमोर रंगीत झुलती खेळणी, टेपवर अनोळखी आवाज, नाकाशी उग्र वासाचा कापूस. शंभरातली वीसेक बाळं हातपाय झाडत, पाठीची कमान करून रडली. चाळीसेक ढिम्म पडून राहिली. पुढे चालू-बोलू लागल्यावर परका माणूस दिसताच आईला बिलगणारी मुलं त्या रडणाऱ्या गटात जास्त निघाली. केगन यांच्याच गटाने २००३ साली आणखी एक गोष्ट दाखवली. दोन वर्षांचे असताना बुजरे ठरलेले लोक विशीत आले, तरी अनोळखी चेहरा दिसला की त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला इतरांपेक्षा जास्त सक्रिय व्हायचा. नवं किंवा धोक्याचं काही आलं की मेंदूला खडबडून जागं करणारा, बदामाच्या आकाराचा हा भाग.

म्हणजे स्वभावाला औषध नाही हे खरंच. पण त्या रडणाऱ्या बाळांतली बरीचशी पुढे भित्री राहिली नाहीत. ती बिनधास्त गप्पिष्टही झाली नाहीत. एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला गेलेलं मूल विरळाच. केगन यांच्या सहकारी डोरीन आर्कस यांनी घरोघरी जाऊन पाहिलं, तेव्हा जरा कुरकुर झाली की बाळाला उचलून घेणाऱ्या आयांची मुलं जास्त भित्री राहिलेली दिसली. थोडं थांबणाऱ्या, वेळेला ‘नाही’ म्हणणाऱ्या आयांची मुलं सावरली.

मोठ्या माणसाने स्वतःला कसं सावरावं? त्याचा एक दोर आपल्याच छातीत आहे. मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी धरा. सावकाश श्वास घ्या, मग त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना रेंगाळतात. वय कमी असेल तर हा फरक चटकन कळतो. हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडलं तर ते मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. मेंदूतून निघालेली व्हेगस नावाची नस त्याला सतत ब्रेक लावून धरते, म्हणून बसल्या जागी आपले ठोके साठ-सत्तरवर असतात. श्वास घेताना हा ब्रेक थोडा ढिला होतो, सोडताना पुन्हा लागतो. घाबरलेल्याला ‘घाबरू नकोस’ म्हणून काही होत नाही, कारण हृदय हुकूम ऐकत नाही. लांब उच्छ्वास मात्र त्याला कळतो.

तरीही धडधड उरलीच तर? तिला निराळं नाव देता येतं. हार्वर्डमधल्याच ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना परक्यांपुढे गायला, भाषण करायला लावलं. आधी ‘मला उत्साह वाटतोय’ असं म्हणणाऱ्यांचं काम स्वतःला शांत करू बघणाऱ्यांपेक्षा सरस झालं. भीतीत काय आणि उत्साहात काय, छाती धडधडतेच. त्यामुळे एकीवरून दुसऱ्याकडे वळणं सोपं जातं. धडधडत्या छातीने एकदम शांत होणं अवघड.

भीतीपायी शाळा, नोकरी, झोप सुटू लागली तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण नुसता बुजरेपणा हा आजार नव्हे.

लग्नाच्या हॉलमध्ये दाराशी टेबल टाकून आहेराची वही लिहिणारे एक काका हमखास असतात. सनई, स्पीकर, पाचशे माणसं, पण त्यांच्यापुढे एका वेळी एकच माणूस येतो. नाव विचारायचं, आकडा लिहायचा, दोन शब्द बोलायचे. ‘काका, या की आत, मिसळा जरा,’ असा आग्रह होतो. काका हसून पुढचं पाकीट उघडतात. सगळ्या मांडवात सगळ्यांना भेटलेला माणूस तेवढा एकच असतो.