निकाराग्वातील कर्णबधिर समाज आणि त्याची भाषा

अपंगांच्या साहाय्याचा विचार करू लागले म्हणजे उपकरणे, उपचार व अनुदान या गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. कर्णबधिरांची गरज याहून मूलभूत असते. त्यांना आधी भाषा हवी असते, आणि भाषेला समाज लागतो. ती एकट्यादुकट्याला नेऊन देता येत नाही. क्रांती, यादवी युद्ध आणि दारिद्र्य यांनी गांजलेल्या निकाराग्वा या मध्य अमेरिकेतील देशात ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसली तितकी अन्यत्र क्वचितच दिसली असेल.

या देशातील बहुतेक कर्णबधिर मुले पूर्वी आपापल्या घरी, एकमेकांपासून दूर वाढत. घरच्यांशी काम भागविण्यापुरत्या खुणा प्रत्येक घरात तयार होत; त्या शेजारच्या गावी कळत नसत. १९७७ साली राजधानी मानाग्वा येथे विशेष शिक्षणाचे एक केंद्र निघाले व त्यात सुमारे ५० कर्णबधिर मुले दाखल झाली. दोनच वर्षांनी, जुलै १९७९ मध्ये, सोमोसा घराण्याची राजवट उलथून सान्दिनिस्ता पक्ष सत्तेवर आला. नव्या सरकारने शिक्षणाचा विस्तार हाती घेतला. १९८० मध्ये कर्णबधिर किशोरांसाठी व्यवसायशाळा सुरू झाली आणि १९८३ पर्यंत दोन्ही शाळांतील कर्णबधिर विद्यार्थ्यांची संख्या ४०० च्या वर गेली. त्याच सुमारास काँट्रा बंडखोरांशी युद्ध पेटलेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

वर्गातील भाषाशिक्षण मात्र फसले. ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश ओळखावी व बोलावी असा शिक्षकांचा आग्रह असे. हातांचा उपयोग फार तर बोटांनी अक्षरे दाखविण्यापुरता. (आपल्याकडील ‘मूकबधिर’ हा समासही मुखाने न बोलणारा तो मुका, हेच गृहीत धरून चालतो.) ज्यांच्या कानी एकही शब्द कधी पडला नव्हता, अशा मुलांना या अध्यापनातून फारसे काही गवसले नाही. परंतु शाळेच्या पटांगणात आणि येण्याजाण्याच्या बसमध्ये ती एकमेकांच्या घरगुती खुणा उचलीत होती, त्यांत भर घालीत होती, आणि नव्याने येणारी लहान मुले त्या आत्मसात करीत होती. हातांचे हे बोलणे शिक्षकांना उलगडेना, तेव्हा शिक्षणखात्याने १९८६ मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ज्यूडी केगल यांना पाचारण केले. शिक्षक ज्याला नुसते हातवारे समजत होते, त्यात व्याकरणाची घडण होत असल्याचे त्यांना आढळले.

या घडणीचा एक पुरावा ॲन सेंगस व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. एखादी वस्तू गडगडत उतारावरून खाली जाते, या घटनेत गतीची रीत व गतीची दिशा अशी दोन अंगे असतात. प्रत्यक्षात ती एकाच वेळी घडतात, आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांचे हावभावही ती एकत्रच दाखवितात. शाळेत सर्वांआधी आलेली पिढीही बहुधा तसेच करी. मागाहून आलेल्यांनी मात्र ‘गडगडणे’ आणि ‘खाली जाणे’ यांसाठी दोन सुट्या खुणा एकापुढे एक मांडल्या. अखंड अनुभवाचे असे पृथक् घटकांत विभाजन करणे व ते घटक पुन्हा जुळविणे हा भाषेचा एक मूलभूत धर्म होय, आणि तो येथे धाकट्यांच्या हाती आकारास आला.

यावरून ‘मुलांनी शून्यातून भाषा निर्मिली’ असे सुटसुटीत विधान पुष्कळदा केले जाते. ते पुरते खरे नव्हे. लॉरा पोलिक यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात किशोर व प्रौढ कर्णबधिरांच्या सहवासाला जे महत्त्व दिले आहे, ते नजरेआड करता येत नाही. शाळा सुटल्यावरही ही मंडळी एकत्र येत राहिली, आणि १९८६ मध्ये त्यांचा संघ स्थापन झाला. जेनी पायर्स व सेंगस यांनी २००९ मध्ये मांडलेले निष्कर्ष या दृष्टीने उद्बोधक आहेत. पहिल्या पिढीतील प्रौढांना ‘दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते’ हे ओळखण्याच्या चाचण्या प्रारंभी अवघड गेल्या. ‘वाटणे’, ‘ठाऊक असणे’ अशा अर्थाच्या खुणा त्यांच्या बोलण्यात फारच कमी होत्या. दोन वर्षांत त्या खुणा वाढल्या व चाचण्यांतील यशही वाढले. हा बदल पंचविशीच्या आसपास पोचलेल्या माणसांत झाला, आणि तोही कोणत्याही औषधोपचाराविना.

उलट, ज्यांच्यापर्यंत शाळाही पोचली नाही आणि संघही नाही, त्यांची स्थिती २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसते. निकाराग्वातील घरगुती खुणांवर आयुष्य काढलेले हे प्रौढ काम करतात, पैसे मिळवितात, व्यवहारही करतात. परंतु तीनहून मोठी संख्या नेमकी दाखविताना त्यांच्या बोटांचा मेळ नेहमी बसत नाही. त्यांच्या बुद्धीत उणे काही नव्हते. मोजण्याचे शब्दच त्यांना कोणी दिले नव्हते.

१९९० च्या निवडणुकीत सान्दिनिस्तांचा पराभव होऊन व्हियोलेता चामोरो अध्यक्ष झाल्या. २००७ मध्ये सान्दिनिस्ता पुन्हा सत्तेवर आले. या उलथापालथीतून भाषा तगली, आणि २००९ च्या कायदा क्रमांक ६७५ अन्वये तिला शासकीय मान्यता मिळाली. परंतु एप्रिल २०१८ मधील आंदोलनानंतर सरकारने स्वायत्त संस्थांची नोंदणी रद्द करण्याचा सपाटा लावला; ऑगस्ट २०२४ मध्ये तर एकाच आदेशाने १,५०० संस्था बंद करण्यात आल्या. कायद्याने भाषेस संरक्षण दिले आहे. ती बोलणाऱ्यांना एकत्र येण्यासाठी लागणाऱ्या जागेस राजकीय धामधुमीत कोण संरक्षण देणार, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेबाहेर उरतो.