दहातले नऊ शुद्धीवरच असतात

खेळताना मेंदूला धक्का बसलेल्या शंभरांपैकी बेशुद्ध पडणारे दहासुद्धा नसतात. बाकीचे उठतात, अंग झटकतात आणि पुन्हा खेळायला उभे राहतात. मैदानाच्या कडेला मात्र पहिला प्रश्न असतो, ‘शुद्ध गेली होती का?’ नव्वदहून अधिक जण तिथंच निसटतात.

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मिलवॉकी परिसरातल्या १,५३२ शाळकरी मुलांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. हंगामात १५.३ टक्के मुलांना कन्कशन (मेंदूला असा धक्का) झालं होतं. कुणाला तरी सांगितलं त्यातल्या ४७.३ टक्क्यांनी. न सांगणाऱ्यांपैकी ६६.४ टक्क्यांना इजा तेवढी गंभीर वाटली नव्हती. खेळू देणार नाहीत म्हणून ४१ टक्के गप्प राहिले आणि ३६.१ टक्क्यांना हे कन्कशन असेल हेच कळलं नाही. (कारणं एकाहून अधिक सांगता येत होती.) ‘पोरं लपवतात’ ही प्रशिक्षकांची तक्रार खरी, पण अर्धीच.

नागपूरच्या क्लब कबड्डीला हे आकडे परके नाहीत. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे साडेसहा मीटर खोलीच्या अर्ध्या भागात सात बचावपटू आणि एक चढाईपटू. घोटा धरायला बचावपटू डोकं खाली घालून झेपावतो, आणि चढाईपटूचा सुटू पाहणारा गुडघा नेमका तिथंच असतो.

डॉक्टरांच्या तपासणी-तक्त्यात २२ लक्षणं आहेत, प्रत्येकाला ० ते ६ गुण. चक्कर, मळमळ सगळ्यांना ठाऊक असते. पण फ्लडलाइट डोळ्यांना खुपणं, डोकं जड होणं, उगाच चिडचिड, झोप बिघडणं? ‘जागरण झालं असेल’ म्हणून ते सोडून दिलं जातं.

मैदानावर विचारायचे पाच प्रश्न १९९५ पासून प्रचलित आहेत. कबड्डीत ते असे होतील : मैदान कोणतं? हाफ कितवा? शेवटचा गुण कुणाचा? मागचा सामना कुणाशी? आपण जिंकलो का? विचारायला सवडही आहे. बाद झालेला खेळाडू जिवंत होईपर्यंत बाहेरच बसलेला असतो. त्याच्याकडे पाहायचं सोडून सगळे मॅटकडे पाहतात.

कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली देता यावा म्हणून क्रिकेटला १ ऑगस्ट २०१९ पासून वेगळा नियम करावा लागला. त्याच नियमाने ३१ जानेवारी २०२५ ला पुण्यातल्या सामन्यात शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला, आणि सहाच दिवसांनी नागपूरच्या जामठा मैदानावर राणाने एकदिवसीय पदार्पण केलं. वाद रंगला तो बदली योग्य होती का यावर. दुबेला काय होत होतं, हे फारसं कुणी विचारलं नाही. कबड्डीत तर पाच बदली खेळाडू आधीच बसलेले असतात.

सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे कन्कशन नाही, असं नसतं. २०२२ च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेनुसार आधी २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, मग सहा पायऱ्या, प्रत्येकीला साधारण किमान एक दिवस. तीन-चार दिवसांच्या स्पर्धेत हे बसतच नाही. त्या खेळाडूची स्पर्धा संपली. वारंवार ओकारी, वाढती डोकेदुखी, झटके किंवा हातापायात अशक्तपणा दिसला, तर पायऱ्या मोजत न बसता थेट रुग्णालय, नागपुरात मेडिकल किंवा मेयो, गाठायचं.