सभागृहावाचून सभा

सभा म्हटली की जागा आली, खुर्च्या आल्या आणि चहापानही आले. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि हे समीकरण एकाएकी मोडले. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये, जेथे उद्योगधंद्यांची प्रदर्शने भरत, तेथे कोविड रुग्णालय उभे राहिले. सभा-मेळावे संगणकाच्या पडद्यावर गेले.

कायद्यालाही चाकोरी सोडावी लागली. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार वार्षिक सर्वसाधारण सभा नोंदणीकृत कार्यालयात किंवा ते कार्यालय असलेल्या शहरात वा गावात व्हावयास हवी. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने 5 मे 2020 च्या परिपत्रकाने ती दूरदृश्य माध्यमातून घेण्याची मुभा दिली. आकुर्डीच्या बजाज ऑटोची त्या वर्षीची सभा जुलैत अशीच पार पडली. पुढे साथ ओसरली. सवलतीची मुदत मात्र वेळोवेळी वाढत राहिली.

यात लाभ नाही, असे कोण म्हणेल? सांगलीचा वा नागपूरचा भागधारक प्रवासखर्चावाचून सभेस हजर राहू शकतो. तथापि, काटकसर कोणाची आणि भुर्दंड कोणावर, हा प्रश्न उरतोच. आकुर्डीचे कारखाने आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्या यांच्या मधल्या ताथवड्यासारख्या वस्तीत आचारी, मंडपवाले, वाहनचालक यांच्या दृष्टीने कंपनीचा वाचलेला खर्च म्हणजे बुडालेली मजुरी होय.

दुसरे नुकसान रुपयांत मोजता येत नाही. पूर्वी ताथवड्याचा एखादा निवृत्त कामगार दहा-वीस शेअर्सच्या बळावर सभेला जाऊन अध्यक्षांना लाभांशाविषयी तोंडावर विचारू शके. शेजारच्या अनोळखी भागधारकाने मान डोलावली की त्या प्रश्नाला वजन येई. पडद्यावरील सभेत बोलण्यासाठी बहुधा आगाऊ नाव नोंदवावे लागते; सभागृहातील कुजबुज तर तेथे पोहोचतच नाही.

विशेष हे की, उद्योगजगताला प्रत्यक्ष भेटीचे मोल ठाऊक नाही, असे नव्हे. साथीमुळे लांबलेला वाहन उद्योगाचा ऑटो एक्स्पो 2023 च्या जानेवारीत ग्रेटर नोएडात प्रत्यक्षच भरला. माल विकायचा असेल तेथे समोरासमोर भेट आणि जाब द्यायचा असेल तेथे पडदा, अशी ही वाटणी रूढ होऊ पाहत आहे.

ती अटळ नाही. दूरच्या भागधारकासाठी पडदा राहावा आणि जवळच्यासाठी सभागृहाचे दार उघडावे. खर्च थोडा वाढेल. परंतु भागधारक हा कंपनीचा मालक, असे कायदा मानत असेल, तर वर्षातून एकदा त्या मालकासाठी चार खुर्च्या मांडणे जड वाटू नये.