आटे कर्तन, संगणक-नियंत्रित लेथवरील

आटे कर्तन, संगणक-नियंत्रित लेथवरील : फिरत्या दंडगोलाकार कार्यवस्तूवर मळसूत्राच्या आकाराची खाच पाडण्याच्या क्रियेस आटे कर्तन किंवा कारखान्यातील बोलीत ‘आटे पाडणे’ असे म्हणतात. संगणक-नियंत्रित लेथवर ही संपूर्ण क्रिया एकदोन ओळींच्या आज्ञेने घडवून आणता येते. अशा आज्ञेस आटे कर्तन चक्र म्हणतात. आट्याची पूर्ण खोली एकाच कापात मिळत नाही. हत्यार त्याच खाचेतून दहापंधरा वेळा न्यावे लागते आणि दर वेळी ते आधीच्याच खाचेत अचूक उतरावे लागते. चक्राची बहुतेक सर्व रचना या एका गरजेतून निर्माण झाली आहे. आटे पाडणे हे बहुधा कार्यवस्तूवरील अखेरच्या कामांपैकी एक असल्याने येथे झालेल्या चुकीमुळे त्याआधीचे सर्व कातकाम वाया जाते.

साध्या लेथवर ही अचूकता यांत्रिक जोडणीने साधली जाते. इंग्रज यंत्रकार हेन्री मॉडस्ली (१७७१–१८३१) यांनी सु. १८०० मध्ये लीड स्क्रू, बदलती दंतचक्रे व सरकता हत्यार-धारक यांचा मेळ घातलेला लेथ तयार केला. स्पिंडलचा एक फेरा पूर्ण होताना हत्याराने किती पुढे सरकावे, हे त्यात दंतचक्रांच्या दातांच्या प्रमाणावरून ठरते. इंची लीड स्क्रूवर मिलिमीटर मापाचे आटे पाडावयाचे झाल्यास १२७ दातांचे चक्र लावावे लागते. कारण १ इंच म्हणजे २५.४ मिमी. व त्याची पाचपट १२७ होते. अशा वेळी एकदा जोडलेला हाफ नट आटा पुरा होईपर्यंत उघडता येत नाही. प्रत्येक कापानंतर लेथ उलटा फिरवून हत्यार मागे आणावे लागते आणि कारागिराचा बराचसा वेळ त्यातच जातो.

अंकीय नियंत्रणाचे पहिले यंत्र अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ मध्ये दाखविण्यात आले. ते मिलिंग यंत्र होते. लेथ नंतर या पद्धतीखाली आले. संगणक-नियंत्रित लेथमध्ये स्पिंडल व हत्यार यांच्यामध्ये दंतचक्रांची साखळी नसते. स्पिंडलला जोडलेला एन्कोडर त्याच्या प्रत्येक फेऱ्यात ठराविक संख्येने विद्युत् स्पंद पाठवितो आणि नियंत्रक त्या स्पंदांनुसार हत्याराची मोटर चालवितो. याखेरीज प्रत्येक फेऱ्यात एकदाच येणारा एक खूण-स्पंद असतो. हत्यार आरंभबिंदूवर येऊन थांबते, खूण-स्पंदाची वाट पाहते व तो येताच निघते. त्यामुळे प्रत्येक काप कार्यवस्तूच्या परिघावरील त्याच ठिकाणी सुरू होतो. हाफ नट व आट्यांची तबकडी यांचे काम आता या एका स्पंदाकडे आले आहे. १२७ दातांच्या चक्राची तर गरजच उरलेली नाही.

मात्र ही जोडणी पोलादी दातांची नसून विद्युत् संकेतांची आहे आणि तिच्यात थोडा विलंब असतो. हत्याराची सरक स्थिर असताना ते आज्ञेतील स्थानापेक्षा किंचित मागे राहते. हे मागे राहणे वेगाच्या प्रमाणात असते. मोटर-यंत्रणेचा कालस्थिरांक १/३० सेकंद धरल्यास मागे राहण्याचे अंतर, आट्याचा अंतराल (मिमी.) व दर मिनिटाचे फेरे यांच्या गुणाकाराला १,८०० ने भागून मिळते. अंतराल, म्हणजे पिच, २.५ मिमी. व फेरे १,००० असतील, तर ते सु. १.३९ मिमी. भरते. नव्या यंत्रांत कालस्थिरांक याहून लहान असू शकतो; परंतु तत्त्व बदलत नाही.

यातून दोन नियम निघतात. पहिला, हत्याराला स्थिर वेग मिळेपर्यंत आट्याचा अंतराल बरोबर येत नाही. म्हणून त्याला कार्यवस्तूच्या बाहेर धाव घेण्यास जागा द्यावी लागते. अंतरालातील चूक १ टक्क्यावर आणावयाची असल्यास वरील अंतराच्या सु. ३.६ पट, म्हणजे या उदाहरणात ५ मिमी. धाव लागते. दुसरा नियम असा की, पहिल्या कापापासून अखेरच्या कापापर्यंत स्पिंडलचे फेरे मुळीच बदलू नयेत. मध्येच फेरे १,००० वरून ८०० वर आणले, तर मागे राहण्याचे अंतर सु. ०.२८ मिमी.ने कमी होते, हत्यार तेवढे बाजूला उतरते व आट्याची एक बाजू कापली जाते. कर्तनाचा पृष्ठीय वेग स्थिर ठेवणारी जी ९६ ही आज्ञा याच कारणाने येथे वर्ज्य आहे. ती व्यासाप्रमाणे फेरे बदलते. त्याऐवजी ठराविक फेऱ्यांची जी ९७ ही आज्ञा देतात. आटे पडत असताना सरकेचे प्रमाण बदलणारी कळ निष्प्रभ असते. यंत्र थांबविण्याची कळ दाबली तरी नियंत्रक हत्यार खाचेत थांबू देत नाही. नवख्या चालकास हे विचित्र वाटते. परंतु हत्यार खाचेतच थांबले, तर आटा व हत्याराची टिप दोन्ही धोक्यात येतात.

प्रत्येक कापाची खोली किती घ्यावी, हा चक्राचा दुसरा महत्त्वाचा भाग होय. आट्याची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असल्याने तिचे क्षेत्रफळ खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सर्व काप सारख्याच खोलीचे घेतले, तर पहिल्या कापात निघणारा धातू १ मानल्यास दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ५ व चौथ्यात ७ असा तो वाढत जातो. अखेरच्या कापांत टिपेवर पडणारा भार तिला सहसा सोसत नाही. म्हणून एकूण खोली कापाच्या क्रमांकाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढवितात. पहिला काप ०.४ मिमी. असेल, तर पुढील खोल्या ०.५६६, ०.६९३ व ०.८०० मिमी. येतात आणि प्रत्येक कापात धातू सारखाच निघतो. परंतु असे करीत गेल्यास पुढचे काप फारच बारीक होतात. हत्यार कापण्याऐवजी घासू लागते व पृष्ठभाग कठीण होतो. यासाठी कापाची किमान मर्यादा आज्ञेतच सांगावी लागते.

हत्यार सरळ आत घातले, तर त्याच्या दोन्ही बाजू एकदम कापतात व दोन्हींकडचा कीस एकमेकांत अडकतो. आट्याच्या एका बाजूला समांतर आत गेल्यास कीस मोकळा निघतो; पण हत्याराची मागची बाजू नुसती घासत राहते. यावर उपाय म्हणून ६० अंशांच्या आट्यासाठी चक्रात ५५ अंशांचा आकडा लिहितात, म्हणजे मागची बाजूही थोडी कापते. आट्याचा कोन यामुळे बदलत नाही. तो टिपेच्या आकारावर अवलंबून असतो. चक्रातील आकडा केवळ आत जाण्याची दिशा ठरवितो.

फानुक पद्धतीच्या नियंत्रकावर २० मिमी. व्यासाच्या व २.५ मिमी. अंतरालाच्या बाह्य मेट्रिक आट्याची आज्ञा उदाहरणादाखल पुढे दिली आहे :

जी ९७ एस १००० एम ०३
जी ०० एक्स २४.० झेड ८.०
जी ७६ पी ०२००५५ क्यू १०० आर ०.०५
जी ७६ एक्स १६.९३३ झेड -४०.० पी १५३४ क्यू ४०० एफ २.५

पहिल्या दोन ओळींत फेरे व आरंभबिंदू दिले आहेत, ८ मिमी.ची धाव वर काढलेल्या गरजेपेक्षा अधिक आहे. तिसऱ्या ओळीतील सहा अंकांपैकी ०२ म्हणजे अखेरचे दोन सफाईचे काप, ०० म्हणजे शेवटी तिरपे बाहेर न निघणे व ५५ म्हणजे आत जाण्याचा कोन. आट्याच्या शेवटी हत्यारासाठी मोकळी खोबण कातलेली असेल तेव्हाच ०० चालते. क्यू १०० ही किमान कापाची मर्यादा व आर ही सफाईसाठी राखलेली खोली होय. चौथ्या ओळीत आट्याचा तळव्यास, शेवट, पूर्ण खोली, पहिल्या कापाची खोली व अंतराल येतात. मेट्रिक बाह्य आट्याची खोली अंतरालाच्या ०.६१३४ पट असते, म्हणून २.५ मिमी. अंतरालास १.५३४ मिमी. खोली व १६.९३३ मिमी. तळव्यास येतो. येथे पी व क्यू यांची मापे सहस्रांश मिलिमीटरमध्ये, दशांशचिन्हाशिवाय लिहावयाची असतात, तर शेजारचे एक्स व झेड मिलिमीटरमध्ये. ४०० ऐवजी ४००० लिहिल्यास पहिल्याच कापात पूर्ण खोली घेण्याचा प्रयत्न होऊन टिप फुटते. वरील आज्ञेत पाचव्या कापापासून किमान मर्यादा लागू होते आणि सफाईपूर्वीची १.४८४ मिमी. खोली अकरा कापांत गाठली जाते; मर्यादा नसती तर चौदा काप लागले असते.

आज्ञेचे रूप सर्वत्र एक नाही. काही जुन्या नियंत्रकांवर जी ७६ एकाच ओळीत लिहितात. सीमेन्स नियंत्रकांवर सायकल ९७ व नंतरच्या आवृत्तींत सायकल ९९ हे चक्र वापरतात. मिलिंग यंत्रावर तर जी ७६ चा अर्थ छिद्राचे सूक्ष्म कर्तन असा होतो. त्यामुळे एका यंत्राची आज्ञावली दुसऱ्यावर तपासल्याशिवाय चालविणे धोक्याचे असते.

निमुळत्या आट्यांसाठी आरंभ व शेवट यांच्या त्रिज्यांतील फरक आज्ञेत द्यावा लागतो. अनेकमुखी आट्यांत पहिली खाच पुरी झाल्यावर आरंभबिंदू एका अंतरालाने सरकवून तेच चक्र पुन्हा चालवितात. एफ पुढे मात्र अंतराल नव्हे, तर लीड, म्हणजे एका फेऱ्यातील पूर्ण सरक, लिहावी लागते.

तयार आटा ‘जाणाऱ्या’ व ‘न जाणाऱ्या’ रिंग गेजने तपासतात. जाणारे गेज अडले, तर हत्याराचा ऑफसेट काही शतांश मिलिमीटरने आत घेऊन, फेरे व आरंभबिंदू तेच ठेवून संपूर्ण चक्र पुन्हा चालवितात. पहिले काप हवेतच जातात. परंतु त्यासाठी कार्यवस्तू चकमधून काढलेली नसावी. ती काढून पुन्हा बसविली की खूण-स्पंद परिघावरील निराळ्याच ठिकाणी येतो. २.५ मिमी. अंतरालाच्या आट्यात ३० अंशांचा फरक म्हणजे ०.२०८ मिमी.ची बाजूची चूक होते. अशा वेळी हत्यार आधीच्या खाचेशी डोळ्याने जुळवून आरंभबिंदू सरकवावा लागतो व प्रथम खाचेच्या वरून रिकामी फेरी घेऊन पाहावी लागते. जुन्या खाचेचे स्थान नोंदवून घेण्याची सोय काही नव्या नियंत्रकांत असते. टिप फुटून नवी बसविली असतानाही हीच काळजी घ्यावी लागते, कारण दोन टिपांची टोके अगदी एकाच जागी येतीलच असे नाही.