टेराहर्ट्‌झची दरी सांधणारे स्फटिक

रेडिओलहरी, सूक्ष्मलहरी, अवरक्त किरण, दृश्य प्रकाश आणि क्ष-किरण ही एकाच विद्युतचुंबकीय कुटुंबातील भावंडे. त्यांपैकी बहुतेकांना मानवाने कामाला जुंपले. मात्र सूक्ष्मलहरी आणि अवरक्त किरण यांच्या सीमेवरील पट्टा दीर्घकाळ पडीक राहिला. सुमारे ०.१ ते १० टेराहर्ट्‌झ कंप्रतेच्या या पट्ट्याला ‘टेराहर्ट्‌झ दरी’ म्हटले जाते. एक टेराहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपने. इतक्या वेगाने आंदोलने करणे इलेक्ट्रॉनिक मंडलांना जड जाते, तर नेहमीच्या लेसरसाठी ही कंप्रता फारच कमी ठरते.

या लहरी कागद, कापड आणि प्लास्टिक यांतून आरपार जातात. त्यांची ऊर्जा अल्प असल्याने क्ष-किरणांप्रमाणे त्या अणूंतील इलेक्ट्रॉन उखडून काढत नाहीत. शिवाय अनेक पदार्थ ठरावीक कंप्रतांच्या लहरी शोषून घेतात. उदाहरणार्थ, आरडीएक्स ०.८ टेराहर्ट्‌झच्या आसपास. त्यामुळे बंद पाकिटातील भुकटी ओळखणे किंवा औषधाच्या गोळीवरील लेपाची जाडी गोळी न फोडता मोजणे शक्य होते. मात्र पदार्थाची ओळख पटण्यासाठी एकच कंप्रता पुरत नाही. रुंद पट्टा लागतो.

तो मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे सेंद्रिय स्फटिक. ‘डास्ट’ या स्फटिकातील रेणूंचे एक टोक इलेक्ट्रॉन देणारे, तर दुसरे खेचणारे असते. लेसरचा काही फेम्टोसेकंदांचा स्पंद त्यातून गेला की इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला ढकलले जातात आणि स्फटिक टेराहर्ट्‌झ लहर उत्सर्जित करतो. १०० फेम्टोसेकंदांत प्रकाश जेमतेम ०.०३ मिलिमीटर अंतर कापतो! स्पंद जितका आखूड, तितका पट्टा रुंद. डास्टपासून अशा लहरी मिळतात, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवले.

खरी गोम आहे ती वेगात. प्रकाशाचा स्पंद आणि टेराहर्ट्‌झ लहर स्फटिकातून समान वेगाने गेली नाहीत, तर वेगवेगळ्या खोलीवर जन्मलेल्या लहरी परस्परांना पुसून टाकतात. झिंक टेल्युराइड या प्रचलित स्फटिकात हा मेळ ०.८ मायक्रॉन तरंगलांबीला बसतो. तेथे लागणारा टायटॅनियम-सफायर लेसर महाग आणि नाजूक. डास्टमध्ये मात्र तो १.३ ते १.६ मायक्रॉनच्या दरम्यान बसतो, आणि अर्बियमयुक्त तंतूचा लेसर नेमका १.५५ मायक्रॉनचा! दूरसंचाराच्या काचतंतूंतही हीच तरंगलांबी वापरली जात असल्याने त्याचे सुटे भाग सहज उपलब्ध असतात. असा लेसर आटोपशीर, धक्के सोसणारा आणि कारखान्यातही चालू शकणारा असतो.

अर्थात, अडचणी आहेतच. डास्ट स्वतःच १.१ टेराहर्ट्‌झच्या सुमारास लहरी गिळतो. झुरिच येथे विकसित झालेल्या ‘डीएसटीएमएस’सारख्या स्फटिकांनी हा दोष काहीसा सौम्य केला. सेंद्रिय स्फटिक ठिसूळ असतात आणि दिलेल्या ऊर्जेचा अत्यल्प अंशच लहरींत उतरतो. पाणी तर या लहरींचा शत्रूच. दमट हवेतही त्या फार दूर पोहोचत नाहीत. म्हणूनच दुरून गर्दीची झडती घेणारे यंत्र म्हणून नव्हे, तर हाताच्या अंतरावरील वस्तू न उघडता पारखणारे साधन म्हणून या तंत्राकडे पाहणे अधिक रास्त ठरेल.