अल्बममध्ये न आलेले फोटो

घरातला फोटोंचा अल्बम हा निवडीचा दस्तऐवज असतो. रोल धुऊन आला की त्यातल्या चांगल्या आलेल्या, सगळ्यांचे डोळे उघडे असलेल्या, पाहुण्यांना दाखवता येतील अशा फोटोंच्या कॉपी काढल्या जात आणि काळ्या जाड पानांवर कोपरे लावून त्या बसवल्या जात. उरलेले फोटो कॅमेऱ्याने पाहिले, घराने पाहिले नाहीत. ते नाहीसे झाले असे आपण समजतो. प्रत्यक्षात बहुतेक घरांत ते निगेटिव्हच्या पट्ट्यांवर, स्टुडिओच्या तपकिरी पाकिटात, पोटमाळ्यावरच्या एखाद्या ट्रंकेत पडून आहेत.

गेली सहा वर्षे मी मुलुंडला घरच्या स्कॅनरवर अशा निगेटिव्ह आणि स्लाइड संगणकात उतरवून घेतो आहे. सुरुवात आमच्या घरापासून झाली. पुढे आजूबाजूच्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जाऊ लागल्या, माळे रिकामे होऊ लागले, आणि ‘हे टाकायचं की ठेवायचं?’ असे विचारत शेजारी पिशव्या घेऊन येऊ लागले. या कामातून माझे एक मत बनले आहे. ते असे की घरच्या स्कॅनरवर उतरवायचा तो फोटो नव्हे, रोल. एकेक चौकट सुटी करून तिचा सुंदर फोटो बनवला, की आपण पुन्हा अल्बमच तयार करतो. पट्टी, तिचा क्रम, तिचा काठ आणि तिचे पाकीट यांसह रोल उतरवला, तर जे हाती येते ते इतिहासाचे साधन असते.

आपली हवा आणि त्यांची फिल्म

आधी फिल्म ही वस्तू काय आहे ते पाहू. एक पारदर्शक पाया, त्यावर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या थरात चांदीचे कण किंवा रंगद्रव्ये. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते, म्हणजे बुरशीच्या दृष्टीने ते अन्नच. पायाची गोष्ट आणखी वेगळी. सुरुवातीचा पाया नायट्रेटचा होता आणि तो भडकन पेट घेई. 2003 च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत आपल्या मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या काळातल्या नायट्रेट फिल्म मोठ्या संख्येने जळाल्या, त्या याच गुणामुळे. म्हणून ॲसिटेटचा ‘सेफ्टी’ पाया आला. पट्टीच्या काठावर ‘सेफ्टी’ हा इंग्रजी शब्द दिसतो तो या अर्थाने. आगीपासून सुरक्षित, काळापासून नव्हे.

ॲसिटेटचा शत्रू म्हणजे उष्मा आणि ओल. त्यांच्या संगतीत तो विघटन पावतो आणि व्हिनेगरमधले तेच ॲसिटिक आम्ल बाहेर पडते. हे आम्ल पुढचे विघटन आणखी वेगाने घडवून आणते. पट्टी आक्रसते, वाकते, शेवटी वरचा थर सुटून त्याला सुरकुत्या पडतात. जाणकार याला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की कोडॅकने 1948 साली ट्रायॲसिटेटचा पाया बाजारात आणल्यावर दहा वर्षांच्या आत या बिघाडाची पहिली नोंदलेली तक्रार त्यांच्याकडे गेली ती भारत सरकारकडून, उष्ण आणि दमट जागी ठेवलेल्या फिल्मबद्दल. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या हिशेबाप्रमाणे 21 अंश सेल्सियस आणि 50 टक्के आर्द्रतेत ताज्या ॲसिटेट फिल्मला हा रोग जडायला सुमारे 40 वर्षे लागतात. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते आणि पोटमाळा हा घरातला सर्वांत तापणारा कोपरा. आपल्याकडच्या 1960-70 च्या दशकांतल्या पट्ट्यांची मुदत कधीच सरली आहे. त्या अजून टिकून आहेत हे नशीब.

त्यातून 26 जुलै 2005 सारखे दिवस येतात. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांतल्या तळमजल्यांवर कंबरभर पाणी शिरले. त्या पाण्यात किती कपाटे आणि त्यांतले किती अल्बम गेले याची मोजदाद कोणी केलेली नाही.

मालाडचे उदाहरण

उपनगरातल्या एका कुटुंबाने जपलेल्या फिल्म इतिहासाला काय देऊ शकतात याचे सर्वांत मोठे उदाहरण मालाडचे आहे. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी 1934 साली तिथे बॉम्बे टॉकीज सुरू केली. तिचे छायालेखक योसेफ व्हिर्शिंग हे म्युनिकचे. ‘अछूत कन्या’ (1936) त्यांनी चित्रित केला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून त्यांना नजरकैद भोगावी लागली. पुढे ‘महल’ (1949) त्यांचाच, आणि ‘पाकीजा’चे काम चालू असताना 1967 साली ते वारले. या माणसाने चित्रपटांबरोबर चित्रणामागचे जगही टिपले होते. सेटवर वाट पाहणारे नट, दिवे हलवणारे कामगार, बाहेरच्या चित्रणाची धावपळ. हजारो छायाचित्रांचा हा ठेवा त्यांच्या कुटुंबाने दशकानुदशके सांभाळला. 2017 साली गोव्यातल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात त्याचे प्रदर्शन झाले आणि नंतर देबश्री मुखर्जी यांच्या संपादनाखाली त्यावर ग्रंथही निघाला.

बॉम्बे टॉकीज 1950 च्या दशकात बंद पडली. मालाडला आज त्या नावाचे कंपाउंड आहे, स्टुडिओ नाही. तो कसा चाले हे आपल्याला डोळ्यांनी पाहता येते, कारण पडद्यावर जायचे नव्हते तेही कोणीतरी टिपले, आणि टिपलेले टाकून दिले नाही. याच्या उलट ‘आलम आरा’. 1931 चा हा आपला पहिला बोलपट, पण त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. चित्रपटांसाठी पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय संग्रहालय तरी आहे. घरगुती निगेटिव्हचे संग्रहालय म्हणजे आपला माळा, आणि जुन्या फिल्म व एक्स-रे चांदीसाठी वजनावर विकत घेणारे आजही आहेत.

काठावरचा मजकूर

पट्टी उजेडासमोर धरली की आपले लक्ष चौकटीकडे जाते. मी आधी काठ वाचतो. तिथे फिल्म बनवणाऱ्याचे नाव असते: कोडॅक, इल्फर्ड, पूर्व जर्मनीची ऑरवो, किंवा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’. काही वेळा फिल्मचा क्रमांक असतो; कोडॅकच्या 35 मिलिमीटर पट्टीवर 5063 म्हणजे ट्राय-एक्स. ‘इंदू’ दिसली की तो रोल 1960 च्या दशकाच्या मध्यापूर्वीचा नाही हे ठरते. रंगीत निगेटिव्ह नारिंगी असली तर बहुधा ती 1972 नंतर रूढ झालेल्या सी-41 पद्धतीची. स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर पुष्कळदा धुलाईचा महिना आणि वर्ष छापलेले सापडते. 1965 च्या कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या काका-मावश्यांनी सुट्टीला येताना आणलेल्या स्लाइडवर तर हमखास.

काठाचा आणखी एक उपयोग. पट्टी उलटी ठेवली गेली तर फोटो आरशातल्यासारखा येतो, आणि अनेक जण पदरावरून बाजू ठरवतात. घाटकोपर-बोरिवलीत हे चालत नाही. गुजराती पद्धतीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, मराठी पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो, आणि एकाच हळदीकुंकवाच्या फोटोत दोन्ही असतात. काठावरची अक्षरे सुलट वाचता आली की फोटो सुलट. ही कसोटी चुकत नाही.

क्रमाचे महत्त्व आमच्याच घरातल्या एका रोलवरून सांगतो. बाबांकडे आग्फाचा क्लिक-थ्री होता. 120 च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. ऊन आणि ढग एवढ्या दोनच खुणा, म्हणून फोटो उजेडात काढायचे. 1971 च्या संक्रांतीचे हळदीकुंकू चाळीच्या गॅलरीत टिपलेले आहे. अल्बममध्ये त्याचे चार फोटो आहेत. पाचव्या आणि आठव्या चौकटीची कॉपी आहे, मधल्या सहाव्या-सातव्याची नाही. या दोन चौकटींत माझी आत्या आहे. गॅलरीच्या टोकाला उभी, हातात तिळगुळाचे ताट. सातव्या चौकटीत ती कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. त्या दशकातल्या आमच्या अल्बममध्ये तिचा एकही फोटो नाही.

सहावी-सातवी चौकट सुटी मिळाली असती, तर हा वेगळ्याच दिवसाचा फोटो आहे असे मी म्हटले असते. पण 5 ते 8 ही पट्टी अखंड आहे, आणि कठड्याची फरशीवर पडलेली सावली चौकटीगणिक थोडी थोडी लांबत जाते. म्हणजे आत्या त्या दिवशी, त्या बायकांच्या मध्येच होती, आणि महागड्या रोलच्या बारांपैकी दोन फोटो बाबांना तिचे काढावेसे वाटले. अल्बम सांगतो घराने काय मानले. रोल सांगतो घरात काय होते.

प्रत्यक्ष काम

साधा ऑफिसचा स्कॅनर इथे चालत नाही. तो कागदावरून परतलेला प्रकाश टिपतो, तर निगेटिव्हला आरपार प्रकाश लागतो. झाकणात दिवा असलेला सपाट स्कॅनर, उदाहरणार्थ एप्सनची परफेक्शन मालिका, 35 मिलिमीटर आणि 120 दोन्ही घेतो. प्लस्टेकचे छोटे स्कॅनर फक्त 35 घेतात, पण अधिक बारकावा देतात. खोक्यावरच्या 6400 किंवा 7200 या आकड्यांना भुलू नये. त्यांतला बराच भाग कागदोपत्री असतो. सपाट स्कॅनरवर 35 मिलिमीटरची चौकट 2400 वर उतरवली की सुमारे 3400 गुणिले 2270 बिंदू मिळतात, म्हणजे पाऊण कोटीच्या वर. त्यापुढे आकडा वाढवला तर फाइल फुगते, चेहऱ्यावरचा तपशील वाढत नाही. मूळ प्रत टिफमध्ये, 48 बिटांत ठेवावी. एक रंगीत चौकट 46 मेगाबाइटच्या आसपास जाते. नातेवाइकांना पाठवायला वेगळी जेपेग काढावी.

चौकटी उतरवण्याआधी प्रत्येक पट्टीचा काठासकट एक फोटो घ्यावा. पांढरा पडदा लावलेल्या टॅबलेटवर, पट्टी थोडी वर उचलून, मोबाइलने घेतला तरी पुरे. पाकिटावरची तारीख, स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतली नावे हेही त्यातच. मग फाइलला नाव द्यावे: साल, ठिकाण, रोल, चौकट. ‘1971-मुलुंड-03-07’ हे नाव ‘आत्या हसताना’पेक्षा रुक्ष, पण क्रम त्यातच टिकतो.

धूळ हा रोजचा वैरी. पट्टी काठांनी धरावी आणि रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकले तर थुंकीचे कण बसतात. महागड्या स्कॅनरमध्ये अवरक्त किरणांनी धूळ ओळखून पुसण्याची सोय असते. ती रंगीत निगेटिव्हवर छान चालते. कृष्णधवल फिल्मवर मात्र बंद ठेवावी, कारण चांदी अवरक्त किरण अडवते आणि यंत्र नाका-डोळ्यांनाच धूळ समजते. कोडाक्रोम स्लाइडवरही ती गडबडते. पट्टी वाकून काचेला टेकली तर इंद्रधनुषी वर्तुळे उमटतात. ती न्यूटनची वलये. पट्टी वह्यांच्या वजनाखाली चार दिवस ठेवली की बहुधा सरळ होते.

पाण्याबाबत दोन उलट नियम आहेत. पुरात भिजलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटून वाळू देऊ नयेत; स्वच्छ थंड पाण्यात ठेवून, हलकेच सुट्या करून, सावलीत टांगाव्यात. पण बुरशी लागलेल्या कोरड्या पट्टीला पाणी लावायचेच नाही. बुरशीने जिलेटिन विरघळण्याजोगे केलेले असते, आणि पुसताना बुरशीबरोबर चेहराही निघून येतो. अशी पट्टी आहे तशी आधी उतरवून घ्यावी, सफाई नंतर. व्हिनेगरचा वास येणाऱ्या पट्ट्या इतरांपासून वेगळ्या काढाव्यात, आणि हवाबंद डब्यात कोंडू नयेत, नाहीतर त्यांचेच आम्ल त्यांना खाते. रांगेत पहिला क्रमांकही त्यांचाच.

स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकावी का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. टाकू नये. हार्ड डिस्क एका सकाळी सांगितल्यावाचून बंद पडते. पट्टी पन्नास वर्षे हळूहळू बिघडली तरी उजेडासमोर धरली की दिसते. संगणकातल्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात, आणि मूळ पट्ट्या कागदी पाकिटांत, माळ्याऐवजी खोलीतल्या मधल्या फळीवर.

दिवाळीच्या साफसफाईत हे खोके खाली येतात, आणि रद्दीत जातात तेही याच दिवसांत. हवा आता कोरडी होऊ लागेल; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने या कामाला मुंबईत सर्वांत अनुकूल. छत्तीस चौकटींच्या रोलला एक संध्याकाळ लागते. ती संध्याकाळ घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून काढावी, कारण पडद्यावर आलेल्या चेहऱ्याचे नाव कोणत्याही काठावर छापलेले नसते, आणि ते सांगू शकणारी माणसे पट्ट्यांपेक्षा लवकर जातात.