आणखी एक थर?

लाइटनिंग रिजमध्ये ओपल जमिनीतून निघतो तेव्हा त्याच्याकडे कुणी वळूनही पाहणार नाही. मातीने माखलेला, सुपारीएवढा करडा गोळा. तिथले लोक त्याला ‘नॉबी’ म्हणतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या उत्तर टोकाला, सिडनीपासून सातशेहून अधिक किलोमीटरवर हे गाव आहे आणि काळ्या ओपलसाठी ते जगभर ओळखलं जातं. काँक्रीट कालवणाऱ्या जुन्या ट्रकच्या फिरत्या पिंपात खाणीतली माती धुतात. माती वाहून जाते, नॉबी मागे उरतात. त्यांतल्या बहुतेकांत नुसता ‘पॉच’ असतो. तोही ओपलच, पण त्यात रंगांचा खेळ नसतो.

मला खाणीपेक्षा घासणीचं काम पाहायचं होतं. पत्र्याच्या एका शेडमध्ये वयस्कर कारागिराशेजारी बसायची परवानगी मिळाली. त्यांनी पकडीने नॉबीचा कोपरा उडवला आणि ओली कड दिव्याखाली धरली. गडद पॉचवर हिरवट-निळी बारीक रेघ दिसली. हा ‘कलर बार’. रंग आहे तो एवढ्याच जाडीत, जेमतेम दोन मिलिमीटर. पुढचं सगळं काम ही रेघ न गमावता तिच्यातला सर्वांत देखणा थर गाठण्याचं.

हिऱ्याची पूड बसवलेल्या चाकावर पाण्याची धार अखंड चालू असते. ओपलच्या पोटातच पाणी असतं, बहुतेकदा सहा ते दहा टक्के, त्यामुळे घासताना तापला तर तो तडकतो. कारागीर दोन-तीन सेकंद घासत, खडा उचलत, पुसत, आणि मग कितीतरी वेळ नुसते दिव्याखाली फिरवून बघत. मधूनच दाराशी जाऊन सावलीत बघत. घासण्यापेक्षा बघणंच जास्त.

वरचा थर गेला तेव्हा आत बारीक हिरवे ठिपके होते. थोडं आणखी घासल्यावर ठिपक्यांच्या जागी रुंद पट्टे आले, एकमेकांना भिडलेले. खडा डावीकडे कलवला तर एका कडेला लाल पेटला, उजवीकडे कलवला तर तोच तुकडा विझला आणि शेजारचा उजळला. “आणखी खाली जाऊ?” त्यांनी विचारलं, पण प्रश्न खड्यालाच होता. खाली याहून मोठा लाल असू शकतो, नाहीतर पॉच. हे आधी सांगणारं उपकरण त्या शेडमध्ये नव्हतं. कडेची रेघ पाहायची आणि आजवर घासलेले खडे आठवायचे, एवढाच आधार.

ठिपके का, पट्टे का, याचं उत्तर 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत मिळालं. जे. व्ही. सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यांना सिलिकाचे सारख्या मापाचे सूक्ष्म गोळे दिसले, रुखवतात रचलेल्या लाडवांसारखे थरावर थर. थरांमधलं अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीशी जुळणारं असतं, म्हणून पांढऱ्या प्रकाशातला एकेक रंग एकेका कोनात उसळून बाहेर येतो. त्यात रंगद्रव्य काहीच नाही. गोळे 200 नॅनोमीटरच्या आसपास असतील तर निळ्या-जांभळ्यापुढे मजल जात नाही. लालसाठी ते 300 च्या जवळपास लागतात. लाल दाखवणारा खडा कलवला की तोच तुकडा केशरी, मग हिरवा होतो. निळा खडा कितीही फिरवा, लाल होणार नाही. लाल ओपल महाग का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आणि नक्षी? एका दिशेने नीट रचलेल्या गोळ्यांचा एक प्रदेश म्हणजे एक रंगाचा तुकडा. जिथे रचनेची दिशा बदलते तिथे तुकड्याची सीमा. हे प्रदेश खोलीतही कुठेतरी संपतात, म्हणून दर थराला नक्षी बदलते. पॉचमध्येही असेच गोळे असतात, पण लहानमोठे आणि विस्कटलेले. गंमत म्हणजे काळ्या ओपलचं सौंदर्य त्याच पॉचवर टेकलेलं असतं. खालचा गडद पॉच भरकटलेला प्रकाश गिळतो, म्हणून वरचे रंग इतके ठसठशीत दिसतात. ही गडदता एन1 ते एन9 अशा पट्टीवर मोजतात आणि एन4 पर्यंतच्या खड्याला काळा म्हणतात.

नक्षींची नावं मोठी छान आहेत: बारीक ठिपक्यांची पिनफायर, फरसबंदीसारखी फ्लॅगस्टोन, चिनी लिपीच्या फटकाऱ्यांची चायनीज रायटिंग, खडा फिरवला की लाटेसारखा सरकणारा रोलिंग फ्लॅश. सर्वांत मान हार्लेक्विनला. त्यात मोठे, जवळजवळ चौकोनी तुकडे एकमेकांना चिकटून बसतात. असा खडा अत्यंत दुर्मीळ, तरी कुठल्याही ठिगळाठिगळांच्या ओपलला विक्रेते सर्रास हे नाव देतात. मला नावापेक्षा हालचाल महत्त्वाची वाटते. एकाच कोनात झळकून बाकी वेळ मुका राहणारा हार्लेक्विन आणि चहूकडून जागा असणारा साधा खडा यांत मी दुसरा निवडेन.

कारागिरांनी आणखी खाली जायचं नाही असं ठरवलं. लंबगोल आकार दिला असता तर लाल कोपरा गेला असता, म्हणून खड्याची वाकडी कड त्यांनी तशीच राखली. मग मेणाने काडीवर चिकटवून अधिकाधिक बारीक चाकांवरून तो फिरला आणि शेवटी सेरियम ऑक्साइडच्या लगद्याने झिलई आली. वजन बरंच घटलं होतं. याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही.

आपल्याकडे शुक्रासाठी ओपल घालणारे बरेच आहेत. बाजारात मिळणारे कितीतरी खडे इथिओपियाच्या वोलो भागातले, जयपूरला घासलेले असतात. 2008 मध्ये सापडलेल्या या साठ्यातले बरेच खडे पाणी शोषतात. भिजले की पारदर्शक होतात, रंगांचा खेळ मंदावतो आणि हळूहळू वाळल्यावर परततो. म्हणून अशा खड्याची अंगठी भांडी घासताना काढून ठेवावी. खडा घेताना दुकानातल्या प्रखर दिव्यांवर विसंबू नये. दाराशी, सावलीत न्यावा, हातभर अंतरावर धरावा, पूर्ण गोल फिरवावा आणि कुठल्या कोनात तो विझतो तेही पाहून घ्यावं.